सरकारी सफरचंद

चुश्करोवो गावात कुणी पाककृती विचारली तर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणणं म्हणजे आलेल्या बाईला उंबऱ्यावरून परत पाठवणं. पण खरी पाककृती सांगणं हाही शुद्ध बावळटपणा. म्हणून तिथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या एक मधला मार्ग चालवलाय. सगळं सांगायचं, अगदी मिठाच्या चिमटीपर्यंत, आणि त्यात एक थाप मिसळायची. एकच. दोन मारल्या तर तो अपमान समजतात. ऐकणारीलाही हे ठाऊक असतं. ती हसतमुखाने आभार मानते, घरी जाते आणि थाप कुठली ते शोधत बसते. कुणाला ती आठवड्यात सापडते, कुणाला जन्मात नाही. सरपंच दोब्रीची आई शेजारणीच्या अक्रोडाच्या वडीतली थाप एकोणीस वर्षं शोधत होती, आणि सापडली त्या दिवशी तिने सगळ्या गल्लीला राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, पाजली.

आता हे सोफियाहून आलेल्या सरकारी माणसाला कोण सांगणार?

त्या माणसाचं नाव कामेन. शेतकी मंत्रालयातला, टक्कल पडू लागलेला, सज्जन. तो गावात आला त्याला कारणही तसंच होतं. दूरच्या शहरातल्या एका कारखान्याने चुश्करोवोच्या नावाने ल्युतेनित्सा, म्हणजे भाजलेल्या मिरच्या नि टोमॅटोची पावाला लावायची चटणी, विकायला काढली होती. बरणीवर डोक्याला रुमाल बांधलेली आजी, वर गावाचं नाव, आणि आत चीनहून पिंपांतून आलेला टोमॅटोचा गर नि जगात जिथे स्वस्त मिळतील तिथल्या मिरच्या. चुश्करोवोची एक मिरची त्या बरणीच्या आसपाससुद्धा कधी फिरकली नव्हती. अर्धी पृथ्वी पालथी घालून आलेला टोमॅटो शेजारच्या मळ्यातल्या टोमॅटोपेक्षा स्वस्त कसा पडतो, हे दोब्रीला तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी समजावलं होतं आणि त्याला तिन्ही वेळा ते समजलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की गावातल्या मिरच्यांना गिऱ्हाईक नाही आणि गावाच्या नावाला मात्र भरपूर आहे.

यावर युरोपच्या सरकारकडे एक तोड होती. एखाद्या गावचं चीज, एखाद्या दरीतलं सुकवलेलं मांस, यांची नावं तिथे वहीत नोंदतात. एकदा नोंद झाली की ते नाव त्याच गावाचं. दुसऱ्या कुणी लावलं तर दंड. अट एवढीच की वस्तू नेमकी कशी करतात ते लिहून द्यायचं, आणि त्यातला दाणा न् दाणा गावच्या शिवारातला हवा. दोब्रीने अर्ज ठोकला, कामेन वही घेऊन आला, आणि गावाने एकमुखाने त्याला द्राग्नाआजीकडे पाठवलं. कारण तिच्यासारखी ल्युतेनित्सा गावात कुणाला जमत नव्हती, हे तिच्या शत्रूंनाही मान्य होतं.

कामेनने आधी पावाच्या तीन कापांना ल्युतेनित्सा लावून ती खाल्ली, मग वही उघडली. द्राग्नाने सांगायला सुरुवात केली. लांबोडक्या लाल गोड मिरच्या लाकडाच्या जाळावर भाजायच्या. हाताने सोलायच्या, नळाखाली धरल्या तर चव गटारात जाते. रात्रभर फडक्यात टांगायच्या आणि खाली गळलेलं पाणी फेकून द्यायचं. टोमॅटोचा रस तांब्याच्या कढईत आटवायचा, त्यात कुटलेल्या मिरच्या, मीठ, लसूण, आणि अगदी शेवटी थोडं थोडं तेल. एवढं सगळं खरं सांगून झालं आणि तिच्या लक्षात आलं की थाप राहिलीच. तिने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे धाकट्या जावेच्या, केराच्या अंगणात हिरव्या सफरचंदाचं झाड उभं होतं.

"आणि दहा किलो मिरच्यांना एक किलो हिरवी आंबट सफरचंदं," द्राग्ना म्हणाली. "किसून."

कामेनने लिहून घेतलं. द्राग्नाला स्वतःचं कौतुकच वाटलं. थाप अशी पाहिजे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याला कसं सुचलं नाही. एवढा शिकलेला माणूस, घरी जाऊन विचार करेल आणि गाळून टाकेल, असं तिने गृहीत धरलं. शिकलेल्या माणसांबद्दल तिचं मत फारच चांगलं होतं.

कामेनने गाळलं तर नाहीच, उलट त्याला सफरचंदाचा फार मोह पडला. डोंगरउतारावरची माती, सकाळचं धुकं आणि चुश्करोवोचं आंबट सफरचंद यांच्या अतूट नात्यावर त्याने तीन पानं लिहिली. कागद सोफियाहून ब्रसेल्सला गेला, तिथे चोवीस भाषांमध्ये उतरला, आणि कुणाची हरकत आहे का, असं सगळ्या देशांना विचारलं गेलं. तीन महिने वाट पाहिली. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी साहेबाने चहा पिता पिता तो वाचला असेल आणि त्याचीही सफरचंदाला काही हरकत नव्हती. सगळं रीतसर व्हायला चार वर्षं लागली आणि द्राग्नाची थाप कायदा झाली.

दोब्रीने तो कागद गावच्या चौकात मोठ्याने वाचून दाखवला. सफरचंदाचं वाक्य आलं तेव्हा बाकांवर बसलेल्या बायकांनी एक लांब सुस्कारा टाकला. चाळीस वर्षं ज्याच्या मागे होत्या ते हे! एकीने तर कपाळावर हात मारून घेतला. द्राग्ना पहिल्या रांगेत बसली होती. खरं सांगावं तर सरकारशी खोटं बोलल्याचं कबूल करायचं, आणि दुसरं त्याहून वाईट. थाप कुठली ते एकदा सांगितलं की बाकीचं सगळं खरं हे उघडच झालं. म्हणजे पाककृती गावासमोर नागडीच. ती गप्प बसली. लाज दोन्हीकडून होती, तेव्हा तिने त्यातल्या त्यात शांत बाजू निवडली.

त्या सफरचंदाने मग गावात भलताच गोंधळ घातला. सगळं शिवारातलंच हवं होतं आणि अख्ख्या शिवारात हिरव्या आंबट सफरचंदाचं झाड एकच, केराचं. केराला गावात आजवर कुणी फारसं विचारत नव्हतं. आता सरपंच रोज सकाळी तिच्या झाडाची प्रकृती विचारायला येऊ लागला. ती झाडाखाली स्टूल टाकून, मांडीवर काठी घेऊन बसायची आणि कुणाला किती द्यायची ते माणूस बघून ठरवायची. द्राग्ना आणि ती नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासूबाई, म्हणजे थोरली स्ताना, गेल्या तेव्हा त्यांची तांब्याची कढई कुणी घ्यायची यावरून दोघींचं वाजलं होतं, आणि कढई केराने उचलली होती.

मग व्हिएन्नाच्या एका दुकानदाराचं पत्र आलं. नोंद झालेली खरी चुश्करोवोची ल्युतेनित्सा असेल तर चार हजार बरण्या घेतो, आणि पुढच्या वर्षी तिप्पट. गावात दिवाळी झाली म्हणायची. मिरच्यांचे मळे पुन्हा लावायला घेतले, पडीक दोन शेतं नांगरली गेली, गाव सोडून गेलेल्या एकाने परत येण्याविषयी फोनवर विचारलं. फक्त सप्टेंबरात कामेन येऊन तपासणी करणार होता, ती पार पडायला हवी होती. दोब्रीने उत्साहात लेबल छापायलाही टाकलं. लेबलावर रुमाल बांधलेली खरीखुरी आजी, म्हणजे द्राग्ना. हातात हिरवं सफरचंद.

तपासणीच्या चार दिवस आधी रंगीत तालीम म्हणून बायकांनी एक कढई उतरवली आणि पहिला चमचा मानाने द्राग्नाला दिला. गोड लागलं. वाईट नव्हतं, पण दात न आलेल्या बाळाला भरवावं तसं गुळमुळीत. हे आपण पाहुण्याच्या ताटात वाढणार नाही, असं तिला वाटलं, आणि हेच आपलं तोंड वर चिकटवून जगभर जाणार. तिला सासूबाई आठवल्या. स्तानाच्या ल्युतेनित्साला एक खोल, धुरकट चव होती. पहिला घास गिळल्यावर मागून यायची. गाव द्राग्नाची तारीफ करायचं, पण तिला स्वतःला ठाऊक होतं की तिच्या कढईत ती मागून येणारी चव कधीच उतरली नाही. सासूने सांगितलं तसं ती मिठासकट करायची, तरी नाही. आपल्या हातालाच ती चव नाही, अशी तिने चाळीस वर्षं मनाची समजूत घातली होती. निदान जवळपास तरी होतं. आता सफरचंदाने तेही पुसून टाकायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाचं फाटक उघडून केराच्या अंगणात गेली. फाटकाला नऊ वर्षांचा गंज चढला होता, ते बोंबललं.

"या जाऊबाई," केरा स्टुलावरून न उठता म्हणाली. "किती किलो हवीत?"

द्राग्नाने सांगितलं की तिला सफरचंद नकोय. ल्युतेनित्सात सफरचंद नसतंच, ते ती कामेनला उगीच बोलून गेली होती.

"ठाऊक आहे," केरा म्हणाली. "मलाही सासूबाईंनीच शिकवली ना. त्यात कुठलं आलंय सफरचंद?"

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलं? आणि खरं सांगू, चौकात पहिल्या रांगेत बसून तुम्ही स्वतःची थाप ऐकत होतात ना, तेव्हा मला जी मजा आली ती माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती."

द्राग्नाने ते गिळलं. तिला दुसरा इलाज नव्हता. गावात तिच्याखेरीज सासूची पाककृती माहीत असलेली ही एकटीच.

"केरा, त्या बरणीवर माझं तोंड छापतायत," ती म्हणाली. "त्याचंही मला काही नाही. पण सासूबाईंची चव आता तुझ्या नि माझ्याच जिभेवर उरलीय. आपण गेलो की लोक त्या सफरचंदालाच खरं म्हणतील. तपासणीच्या दिवशी मी सगळं खरं सांगणार आहे. तू साक्षीला ये."

केराने वर झाडाकडे पाहिलं. या झाडाने तिला आयुष्यात पहिल्यांदा मान दिला होता, आणि तो असा आपल्या हाताने घालवायचा हे काही सोपं नव्हतं. मग काठी झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "चला. पण मी तुमच्यासाठी नाही येत. म्हातारीसाठी येते."

तपासणीच्या दिवशी सरपंचाच्या कचेरीमागच्या अंगणात आठ कढया रटरटत होत्या. कामेन वही घेऊन फिरत होता. द्राग्ना मध्ये उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं: थाप कुठली, कधी मारली, का मारली. चुश्करोवोत आपली थाप अशी भर अंगणात कुणी उघड केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ढवळणारे हात थांबले. तिला वाटलं, आता शिव्या पडणार. शिव्या चालल्या असत्या.

शिव्या पडल्या नाहीत. पाचव्या कढईवरची बाई गालात हसली आणि म्हणाली, "द्राग्नाआजी, चाळीस वर्षं आम्हाला चकवलंत. आता कागदावर आलंय तरी चकवताय?"

मग केरा पुढे झाली आणि तिने साक्ष दिली. त्याने सगळंच बिघडलं. नऊ वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी जावा एका सुरात बोलतायत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे पोरालाही कळलं असतं. सगळ्यांचा माल नापास करून व्हिएन्नाला दोघींना आपलाच पाठवायचा असणार, असं बायकांनी ताडलं. झाडाची मालकीणच सफरचंद घालू नका म्हणते, याहून मोठा पुरावा कुठला? बायकांनी मनोभावे ऐकून घेतलं, आणि खबरदारी म्हणून प्रत्येकीने आपापल्या कढईत आणखी एक सफरचंद किसलं.

कामेन मात्र पांढराफटक पडला होता. त्याने द्राग्नाला बाजूला घेतलं. बदल करायचा तर नवा अर्ज, नवे पुरावे, पुन्हा चोवीस भाषा, असं त्याने समजावलं. निदान तीन वर्षं. तोवर सफरचंदाशिवायची ल्युतेनित्सा कायद्याने चुश्करोवोची नाही.

"आणि आजी, पुराव्याचंही अवघड आहे," तो चष्मा पुसत म्हणाला. "सफरचंद खोटं आहे, याला पुरावा फक्त तुमचा शब्द. आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे तुम्हीच आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत."

द्राग्नाने घरून एक बरणी आणली होती. नियमाप्रमाणे त्याला तीही चाखावी लागली. चाखल्यावर त्याने आणखी एक चमचा घेतला, जो नियमात नव्हता. तरी वहीत त्याने लिहिलं ते लिहिलंच: चव गावाच्या परंपरेशी जुळत नाही; उत्पादक महिलेने गावातील अनुभवी महिलांचं मार्गदर्शन घ्यावं.

आठही कढया पास झाल्या. दोब्रीने राकियाची बाटली उघडली, द्राग्नाच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेबलावर तुमचा फोटो फार गोड आलाय, असं तिला सांत्वन म्हणून सांगितलं. एवढ्या लोकांच्या मिरच्या विकल्या जाणार याचा तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण राकियाला तोंड न लावताच ती घरी निघाली. केरा शेजारून चालत होती. आता दोघीही गावात सारख्याच बेभरवशाच्या ठरल्या होत्या.

"नाव गेलं तर गेलं," केरा म्हणाली. "खायला तर बंदी नाही ना? उद्या माझ्याकडे या. कढई आहे."

कढईचा उल्लेख झाला तरी द्राग्नाने काही टाकून बोलायचं टाळलं, यावरून तिची अवस्था लक्षात यावी.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिरच्या भाजल्या, सोलल्या आणि फडक्यात बांधून झाडाला टांगल्या. सोलताना पहिला तासभर तोंडातून शब्द नव्हता, मग एकेका शेजारणीची सालं निघू लागली आणि काम भराभर उरकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या भांड्यात बोटभर तांबूस पाणी साठलं होतं. द्राग्नाने भांडं उचललं आणि ती गटाराकडे निघाली. केराने धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"कुठे नेताय ते?"

"टाकायला."

"टाकायला? अहो, तो तर जीव आहे तिचा. वेगळा आटवायचा, काकवीसारखा झाला की परत घालायचा. सासूबाईंनी स्वतः सांगितलंय."

"मला फेकून द्यायला सांगितलंय. 'कडू असतं ते, टाकून दे, द्राग्ना.' अस्सं म्हणाल्या."

द्राग्नाने भांडं चुलीजवळ ठेवलं. टोमॅटोचा रस कढईत गेला आणि केराने तेलाची बाटली उचलली. आता द्राग्नाने तिचा हात धरला.

"तेल शेवटी."

"पहिल्यांदाच. नाहीतर खाली लागतं, असं त्या म्हणाल्या."

"मला शेवटी सांगितलंय. आणि माझं कधी लागलं नाही खाली."

"माझी ल्युतेनित्सा दरवर्षी मार्चात खवट होते," केरा हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या बरण्या वाईट."

द्राग्ना स्टुलावर बसली. म्हातारीने एका सुनेला एका खोलीत बोलावून सांगितलं, दुसरीला दुसऱ्या खोलीत, आणि दोघींना बजावलं होतं की एकमेकींना सांगू नका. खरी पाककृती सांगायला मुलगी तिला नव्हती. सुनांना काय, शेजारणींसारखीच एकेक थाप. थोरलीला एक, धाकटीला दुसरी.

"त्यांचं आपण एकही ऐकलं नाही जन्मात," केरा म्हणाली. "आणि नेमकं एकमेकींना सांगू नका, तेवढं ऐकलं."

मग त्यांनी केली. पाणी केराच्या पद्धतीने वेगळं आटवून परत घातलं, तेल द्राग्नाच्या पद्धतीने शेवटी, धारेने. लाकडी उलथन्याने कढईचा तळ दिसेपर्यंत आळीपाळीने ढवळलं. दुपार कलली तेव्हा केराने पाव कापला, त्यावर जाड थर लावला आणि पहिला तुकडा द्राग्नाला दिला. द्राग्नाने चावला, गिळला आणि थांबली. ती आली. मागून, खोल, धुराची, चाळीस वर्षं उशिरा.

तिने आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. साली सोलून बोटं लाल झाली होती, नखांत मिरची होती. इतकी वर्षं ती या हाताला नावं ठेवत आली होती. घरच्यांना वाढतानासुद्धा मनात म्हणायची की माझ्या हाताला ती चव नाही. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. राग पण आला, आणि तो रडण्याहून मोठा होता.

"हात चांगला होता माझा," ती म्हणाली.

"चांगला होता," केरा म्हणाली. तिने दुसरा तुकडा कापला, स्वतःच्या तोंडात घातला, डोळे मिटून तो सावकाश खाल्ला, आणि मग स्टूल ओढून द्राग्नाच्या शेजारी बसली. "आता म्हातारीला शिव्या देऊ. दोघी मिळून. तुम्ही थोरल्या, सुरुवात तुम्ही करा."

द्राग्नाने घास संपायचीही वाट पाहिली नाही.